ऑल व्हील ड्राइव्ह असूनही बर्फात गाडी का घसरते? दर हिवाळ्याची तक्रार आणि तिचा इलाज

तक्रार अशी असते. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे. बर्फ पडला की शेजाऱ्याची गाडी ड्राइव्हवेतच चाकं फिरवत बसते, आपली मात्र झोकात निघते. पण कोपऱ्यावरच्या सिग्नलला ब्रेक दाबला की पायाखाली खडखड होते आणि गाडी थांबायच्या रेषेपुढे जाऊन उभी राहते. मेकॅनिकला दाखवली तर ब्रेक पॅड ठीक, डिस्क ठीक, कॉम्प्युटरवर एकही कोड नाही. चार दिवस ऊन पडतं, रस्ते कोरडे होतात, तक्रार मिटते. पुढच्या बर्फाला पुन्हा तेच.

मी हे कोलोरॅडोतल्या, म्हणजे डेन्व्हर आणि तिथून डोंगरात चढणाऱ्या आय-७० हायवेच्या अनुभवावरून लिहितोय. इथे नवीन आलेली आपली मंडळी गाडी घेताना 'ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना?' एवढं आवर्जून विचारतात. टायर कुठले आहेत, किती झिजलेत, हे क्वचितच कोणी विचारतं. तक्रारीचं मूळ नव्वद टक्के वेळा तिथेच असतं.

इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देणं एवढंच ऑल व्हील किंवा फोर व्हील ड्राइव्हचं काम. दोन चाकांवर सगळा जोर आला तर ती सुटतात, चारांवर वाटला तर कमी सुटतात, म्हणून गाडी निघते छान आणि चढतेही छान. ब्रेकचं तसं नाही. अगदी साध्या हॅचबॅकलाही ब्रेक चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत तुमची महागडी एसयूव्ही आणि शेजाऱ्याची सेदान एकाच पायरीवर उभ्या आहेत. टायर दोघांचे सारखे असतील तर थांबायचं अंतरही जवळपास सारखंच.

खरी गोम पुढे आहे. दोनच चाकांना इंजिन जोडलेली गाडी निघतानाच घसरते आणि ड्रायव्हरला कळतं की आज रस्ता वाईट आहे, जपून. ऑल व्हील ड्राइव्ह ही सूचना देतच नाही. घसरडा रस्ता ती गुपचूप पचवते, तुम्ही नेहमीच्या वेगाला पोचता, आणि रस्ता किती वाईट आहे ते पहिल्यांदा कळतं ते ब्रेक लावताना. तोवर वेग ताशी ३० मैल झालेला असतो.

थोडा हिशोब

रस्त्याची पकड मोजायला घर्षणांक असतो. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७ धरा. गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साध्या टायरला ०.२, आणि ओल्या चकचकीत बर्फावर ०.१, कधी त्याहूनही कमी. ताशी ३० मैलांवरून (४८ किलोमीटर) करकचून ब्रेक लावला तर गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर ४६ मीटर लागतात, चकचकीत बर्फावर ९२. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला लागतो तो वेळ यात धरलेलाच नाही. या गणितात गाडीचं वजन कुठेच येत नाही आणि कुठली चाकं इंजिनाला जोडलीत तेही येत नाही. फक्त वेग आणि पकड. त्यात वेगाचा वर्ग होतो, म्हणजे वेग अर्धा केला तर अंतर चौथाई.

आता हाच हिशोब उतारावर करा. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरणारा रस्ता ७ टक्के उताराचा आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला चढाच्या पट्ट्या काढून ठेवल्यात, यावरून कल्पना करा. सात टक्के उतार म्हणजे पकडीतून ०.०७ सरळ वजा. दाबलेल्या बर्फावर ०.२ मधले ०.१३ उरले, म्हणजे ३० मैलांवरून थांबायला ७० मीटर. चकचकीत बर्फावर ०.१ मधले उरले ०.०३, म्हणजे तीनशे मीटर! तीन फुटबॉल मैदानांएवढं अंतर, आणि तेही गाडी सरळ राहिली तर. इथे ऑल व्हील ड्राइव्हचा बिल्ला काही कामाचा नाही.

याच दाबलेल्या बर्फावर चांगल्या विंटर टायरने पकड ०.२ वरून ०.३ ला नेली असं धरा. सपाटीवर ४६ चे ३१ मीटर होतात आणि त्या उतारावर ७० चे ४०. तीस मीटर वाचले, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या पाचसहा गाड्या वाचल्या.

आधी बघा, नेमकी कधी घसरते

'बर्फात घसरते' एवढ्यावर इलाज सांगता येत नाही. निघताना, थांबताना, वळताना की उतरताना, यावर कारण बदलतं.

निघतानाच घसरत असेल आणि गाडी खरोखर ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर टायर गोटा झालेत असं समजा. दुसरं कारण ट्रॅक्शन कंट्रोल. बर्फ खोल असेल, गाडी रुतली असेल, तर चाक सुटल्याबरोबर ही यंत्रणा इंजिनाची ताकद कापते आणि गाडी जागची हलत नाही. ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन नुसतं गुरगुरतं. अशा वेळी बटण दाबून ते तेवढ्यापुरतं बंद करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, हलक्या पायाने पुढे-मागे झुलवत बाहेर काढा आणि बाहेर पडल्यावर आठवणीने परत चालू करा. चाकं जोरात फिरवत बसलात तर खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. डिकीत एक छोटं फावडं आणि थोडी वाळू असू द्या. इंजिन चालू ठेवून गाडीत बसणार असाल तर आधी एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

थांबताना घसरते आणि पायाखाली खडखड होते: ती खडखड म्हणजे बिघाड नाही, एबीएस काम करतंय. चाक लॉक होऊ नये म्हणून तो ब्रेक सेकंदाला अनेकदा सोडतो-धरतो, आणि त्याचे धक्के पेडलमधून तळपायाला लागतात. घाबरून पाय सैल करायचा नाही, दाबून धरायचा. स्टिअरिंग त्या वेळीही ऐकतं, आणि एबीएसचा मुख्य फायदा तोच. भुसभुशीत खोल बर्फात मात्र एबीएसमुळे अंतर थोडं वाढूही शकतं, कारण लॉक झालेल्या चाकापुढे बर्फाचा जो ढीग साचून गाडी अडते, तो साचतच नाही. ब्रेकचा दोष शोधण्यापेक्षा पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा आणि सिग्नल हिरवा असतानाच पाय हलका करायची सवय लावा.

वळताना गाडी नाकासमोर सरळ जात असेल तर वेग जास्त आहे. अशा वेळी हात आपोआप स्टिअरिंग आणखी फिरवतात, त्याने पुढची चाकं आणखीच आडवी होऊन घसरतात. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग किंचित परत आणा, चाकांनी पकड घेतली की मग वळा. मागचा भाग बाहेर सुटत असेल तर जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंगही तिकडेच. नजर खांबावर गेली की गाडीही खांबाकडे जाते. वळणात मागचा भाग वारंवार सुटत असेल तर मागचे टायर तपासा. पुढे नवे आणि मागे झिजलेले अशी जोडी असली की हे हमखास होतं. पैसे वाचवायला दोनच विंटर टायर पुढच्या चाकांना बसवणारेही भेटतात. त्यांच्या गाडीचं नाक पकड धरतं आणि शेपूट मोकळं सुटतं. हा प्रकार चारही साधे टायर असण्यापेक्षा वाईट.

एक छोटी तक्रार, पण लोक फार घाबरतात: बर्फातून गाडी काढली, हायवेला ताशी ५० मैल गाठले आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. अलाइनमेंट गेलं म्हणून लगेच दुकान गाठू नका. रिमच्या आतल्या बाजूला बर्फाची ढेप चिकटून गोठलेली असते, तिने चाकाचा तोल जातो. सुरक्षित जागी थांबून खाली वाकून बघा, दिसेल. ब्रशच्या दांड्याने ढेप पाडली की थरथर थांबते. तसंच समोरच्या रडारवर बर्फ बसला की ॲडाप्टिव्ह क्रूझ आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद पडून डॅशबोर्डवर दिवे लागतात. पुसलं की जातात. क्रूझ कंट्रोल तसाही बर्फात वापरायचा नाही.

उतार: सगळ्यात जास्त इथे फसतात

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या जुन्या ड्रायव्हरचा नियम इथेही शंभर टक्के लागू आहे. बर्फात त्याला एक पोटकलम जोडायचं: गिअर उताराच्या आधी उतरवायचा, आणि एकेक करून. घसरड्या उतारावर एकदम दोन गिअर खाली टाकले तर इंजिनाचा झटका चाकांना बसतो आणि तीच सुटतात. आयझेनहॉवर बोगदा पावणेतीन किलोमीटर लांब आहे आणि आतला रस्ता कोरडा असतो. कोरडा म्हणून लोक वेग वाढवतात आणि बाहेर पडल्याबरोबर ७ टक्के उतार, वर बर्फ. वेग कमी करायचा तो बोगद्याच्या आत, तोंड दिसायला लागायच्याही आधी. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड असतो, सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गाड्यांत 'एल' किंवा स्टिअरिंगमागचं पॅडल. ते कसं वापरायचं हे घरासमोर शिकून घ्या, उतारावर नाही.

इथे फोर व्हील ड्राइव्हचा एक खरा फायदा सांगायला हवा, नाहीतर अन्याय होईल. इंजिन ब्रेकिंग ज्या चाकांना इंजिन जोडलंय त्यांनाच लागतं. चारही चाकं कायम जोडलेली असतील तर इंजिनाचा अडसर चारांवर वाटला जातो आणि गाडी जास्त स्थिर उतरते. पण बऱ्याच क्रॉसओव्हर गाड्यांत मागची चाकं गरजेपुरतीच जोडली जातात. एरवी जवळपास सगळं काम पुढची चाकं करतात. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे ते मॅन्युअलमध्ये असतं. तेवढं पान वाचाच.

जीप, पिकअप किंवा आपल्याकडच्या थारसारखी पार्ट टाइम फोर बाय फोर गाडी असेल तर 'फोर एच' मध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. बर्फात ठीक. कोरड्या डांबरावर मात्र हा मोड नको: वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, जखडलेला ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारा भाग) ते होऊ देत नाही, आणि गाडी अडखळत, कुरकुरत वळते. डेन्व्हरमध्ये एकाच रस्त्यावर कोरडे आणि गोठलेले पट्टे आलटूनपालटून येतात, तेव्हा लिव्हरकडे लक्ष ठेवावं लागतं. 'फोर एल' रुतलेली गाडी काढायला किंवा चालण्याच्या वेगाने उतार उतरायला.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी रीजनकडे, म्हणजे मोटरनेच लागणाऱ्या ब्रेककडे, बघावं. पाय उचलला की मोटर जोरात अडवते, आणि मोटर एकाच ॲक्सलला असेल तर घसरड्या रस्त्यावर ती दोनच चाकं सुटू शकतात. रीजनची पातळी कमी करायची सोय असेल तर बर्फात करा. आणखी एक: सकाळी बॅटरी थंड असताना रीजन फारसं लागत नाही, बॅटरी तापली की वाढतं. घरातून निघताना एक गाडी आणि अर्ध्या तासाने दुसरीच, असं वाटतं ते त्यामुळे.

हिल डिसेंट कंट्रोलचं बटण असेल तर वापरा. ते प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा सांभाळून गाडी सावकाश उतरवतं. पकड नसेल तिथे ते ती निर्माण करत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

टायर: इलाज इथे आहे

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर झिजलेली कडक स्लिपर घालून पळून बघितलंय कधी? थंडीत साध्या टायरचं तेच होतं. टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली समर टायर आपली पकड हरवू लागतो. ऑल सीझन थोडा जास्त टिकतो, पण कडाक्याच्या थंडीत तोही ताठरतो. विंटर टायरचं मिश्रण वेगळं असतं, सिलिका जास्त, थंडीतही मऊ राहणारं. दुसरा फरक नक्षीत. विंटर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतात. दाबलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. खोल खाचांत बर्फ भरतो आणि तो भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. म्हणून खोली महत्त्वाची.

आता टायरची बाजू वाचा. 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं दिसलं की लोक निश्चिंत होतात. हे शिक्कामोर्तब मुख्यतः नक्षीच्या आकारावरून होतं. बर्फावर चाचणी घेतलेली असेलच असं नाही. बहुतेक सगळ्या ऑल सीझन टायरवर ते असतं. खरं बघायचं ते तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेलं चिन्ह. ते चाचणीनंतर मिळतं. पण उत्तर अमेरिकेत ती चाचणी दाबलेल्या बर्फावर पुढे खेचण्याच्या ताकदीची आहे: प्रमाण टायरपेक्षा किमान दहा टक्के सरस असलं की चिन्ह मिळालं. ब्रेक, वळण, चकचकीत बर्फ यांची परीक्षा त्यात नाही. त्यामुळे चिन्ह असलेला ऑल वेदर (वर्षभर वापरायचा) टायर आणि चिन्ह असलेला खास विंटर टायर एकाच दर्जाचे नसतात. चिन्ह नसेल तर घेऊ नका, पण केवळ चिन्ह आहे म्हणूनही घेऊ नका.

ऑल टेरेन टायरच्या बाबतीत तर डोळे फसवतात. मोठमोठे ठोकळे, आडदांड रूप, ट्रकवर शोभून दिसतात. खोल बर्फात ते चालतातही. चकचकीत बर्फावर मात्र मोठा कडक ठोकळा सरकतो, कारण त्याच्यावर चिरा कमी आणि रबर ताठ. काही ऑल टेरेन टायरवर हिमकणाचं चिन्ह असतं. घ्यायचेच असतील तर ते.

कोणाला काय, याबद्दल माझं मत सांगतो. डेन्व्हरच्या सपाटीवर राहता, घरून काम करता, बर्फाच्या दिवशी गाडी न काढणं शक्य आहे, तर चिन्ह असलेले चांगले ऑल वेदर टायर पुरेत. वर्षभर एकच सेट, बदलाबदलीची कटकट नाही. हिवाळ्यात दर शनिवारी मुलांना स्कीइंगला घेऊन आय-७० चढत असाल, किंवा मिनियापोलिस, टोरांटोसारख्या ठिकाणी राहत असाल, तर खास विंटर टायर घ्या, चार. ब्लिझॅक, हक्कापेलिट्टा, एक्स-आइस ही त्यातली जुनी, नावाजलेली घराणी; हक्कापेलिट्टा तर फिनलंडमध्ये १९३६ पासून बनतोय. खिळ्यांचे टायर निव्वळ गोठलेल्या रस्त्यावर सरस, पण डेन्व्हरसारख्या गावात, जिथे हिवाळ्यातही बरेच दिवस रस्ता कोरडा असतो, तिथे आवाज आणि रस्त्याची झीज यापलीकडे फार काही पदरात पडत नाही. मिनेसोटात आणि दक्षिण ऑन्टॅरिओत ते तिथल्या रहिवाशांना चालतही नाहीत.

कायदे याकडे कसे बघतात तेही मजेशीर आहे. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मेपर्यंत ट्रॅक्शनचा कायदा असतो. त्यात ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला टायरची खोली ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर असली की पुढे जाता येतं, टायर विंटरचे असोत वा नसोत. उलट क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, इंजिन दोन चाकांना जोडलेलं असो वा चार. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिमकणाचं चिन्ह असलेलाच टायर धरला जातो, नुसता एम प्लस एस नाही. मला क्वेबेकचं पटतं. कोलोरॅडोचा नियम गाड्या चढावर अडकून रस्ता तुंबू नये याची काळजी घेतो. उतरताना काय, ते तुमचं तुम्ही बघायचं.

खोली मोजायला पाच डॉलरचं गेज मिळतं. खाचेत खुपसायचं आणि आकडा वाचायचा. टायरच्या आतल्या कडेलाही मोजायचं, कारण अलाइनमेंट बिघडलं असेल तर आतली कड आधी झिजते आणि उभ्याने ती दिसत नाही. विंटर टायर नवा असताना साधारण ८ ते ९ मिलिमीटर असतो. चार मिलिमीटरवर आला की बर्फापुरता तो संपला, कायद्याने चालत असला तरी. ऑस्ट्रियात तर चारच्या खाली त्याला विंटर टायर मानतच नाहीत. मग वय. टायरच्या बाजूला 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: ४२२३ म्हणजे २०२३ सालचा बेचाळिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो. नखाने दाबून बघा, नव्याशी तुलना केली की कळतं. वापरलेली गाडी घेताना हे आकडे वाचायला विसरू नका. कमी चाललेल्या जुन्या गाडीवर नक्षी दिसायला नवी आणि रबर आठ वर्षांचं, असं अनेकदा निघतं.

ऑल व्हील ड्राइव्हला आणखी एक बंधन आहे. चारही टायर सारख्या मापाचे, सारख्या मॉडेलचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. एक टायर नवा आणि तीन जुने असले तर नव्याचा घेर मोठा, म्हणून तो कमी फेरे फिरतो. मधल्या क्लचला किंवा डिफरेन्शियलला वाटतं की चाक घसरतंय आणि तो सतत झगडत राहतो, तापतो. किती फरक चालेल ते मॅन्युअलमध्ये असतं; बऱ्याच कंपन्यांची मर्यादा खोलीतल्या फरकाची, एका इंचाच्या बत्तीस भागांपैकी दोन ते चार भाग. एक टायर फुटला तर कधी चारही बदलावे लागतात ते यामुळे. काही दुकानं नवा टायर तासून जुन्यांच्या मापाला आणून देतात, विचारून बघा.

रिमचं माप एक-दोन इंचांनी उतरवलेलं चांगलं. गाडीला १९ इंची रिम असेल तर विंटरसाठी १८ किंवा १७ ची, बाहेरचा घेर तोच राहील अशी. टायर थोडा अरुंद होतो, बर्फात जास्त रुततो, खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी होते, आणि किंमतही उतरते. ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना हे दुकानदाराकडून पक्कं करून घ्या. वेगळ्या रिमवर सेट असला की दर मोसमात टायर काढून-घालून त्याच्या कडा फाटत नाहीत, आणि बदली घरच्या जॅकवरही होते. खर्च वाटतो, पण एक सेट वापरात असताना दुसरा झिजत नाही, तेव्हा तो बराचसा वसूल होतो.

हवेचं प्रेशर. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की प्रेशर अंदाजे एक पीएसआयने उतरतं. म्हणून पहिल्या थंड सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. पंक्चर नाही, हवा भरा, टायर थंड असतानाच. बर्फात हवा कमी ठेवली की पकड वाढते हे ऐकीव आहे. वाळूचा नियम बर्फाच्या हायवेवर लावू नका.

मनालीला जाणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून डिसेंबर-जानेवारीत मनालीला जाणाऱ्यांनाही हेच लागू होतं. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब, दोन्ही तोंडं ३,००० मीटरच्या वर. आत कोरडं आणि बाहेर पडलं की गोठलेला उतार, अगदी आयझेनहॉवरसारखंच. बर्फ पडला की पोलिस बहुधा फोर बाय फोर किंवा टायरला साखळ्या लावलेल्याच गाड्या पुढे सोडतात, आणि त्यावरून फोर बाय फोर म्हणजे बिनधास्त असा समज होतो. सोलंगच्या उतारावर गाड्या एकमेकींवर सरकत येतानाचे व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरतात. त्यात फोर बाय फोरही असतात. भारतात विंटर टायर सहज मिळत नाहीत, तेव्हा उपाय साखळ्या आणि वेग. साखळी कुठल्या चाकांना लावायची ते गाडीनुसार बदलतं, आणि मडगार्डच्या आत जागा कमी असलेल्या काही गाड्यांना ती लावायचीच नसते. मॅन्युअल बघा, आणि एकदा कोरड्या जागी लावून-काढून बघा. गारठलेल्या बोटांनी, अंधारात, रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा लावायची वेळ आली तर कठीण जातं. साखळीवर वेग ताशी ४०-५० किलोमीटरच्या वर नाही, आणि कोरडं डांबर लागलं की लगेच उतरवायची.

बर्फाच्या पहिल्या दिवशी

रिकामं पार्किंग शोधा, आजूबाजूला खांब नाहीत असं. ताशी १५ मैलांवर जोरात ब्रेक लावा. खडखड कळेल, अंतर कळेल, आजचा रस्ता किती वाईट आहे तेही कळेल, जे ऑल व्हील ड्राइव्ह तुम्हाला सांगत नाही. वळून बघा, मागचा भाग सुटतो का. दहा मिनिटांचं काम. रस्त्यावर असताना मागे कोणी नाही हे बघून ब्रेकला हलका स्पर्श करायची सवयही चांगली. डेन्व्हरमध्ये दुपारी ऊन पडून बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी गोठतं. सकाळी सातला घरांच्या उत्तरेकडच्या सावलीत रस्ता नुसता ओला दिसतो, तो ओला नसतो. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गारठा लागतो. आणि शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त घसरडा असतो, वर पाण्याचा पातळ थर असल्यामुळे. थर्मामीटर 'फार थंडी नाही' म्हणतोय म्हणून सैल सोडू नका.

टायर कधी काढायचे? इथे मार्चमध्ये ऊन पडायला लागलं की लोकांना घाई होते. डेन्व्हरमध्ये सरासरीने सगळ्यात जास्त बर्फ मार्चमध्येच पडतो. २०२१ च्या मार्चमध्ये दोन दिवसांत २७ इंच पडला होता. एप्रिल सरेपर्यंत राहू द्या. डोंगरात जाणं चालू असेल तर मेच्या मध्यापर्यंत. त्यापुढे मात्र काढाच. तापलेल्या डांबरावर मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेकचं अंतरही वाढतं. काढताना प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहा, पुढचा डावा, मागचा उजवा, म्हणजे पुढच्या वेळी अदलाबदल करता येईल. नवे बसवले की पन्नास-साठ मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या.